हरणं सरकारची, हरभरा आमचा

मागच्या नोव्हेंबरात बायकोच्या भावाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि घरात दोन दिवस दुसरा विषय नाही. अंगात भडक केशरी जॅकेट, डोक्याला केशरी टोपी, खांद्याला बंदूक आणि पुढ्यात आडवं पडलेलं शिंगवालं हरीण. हा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, कॉम्प्युटरवाला माणूस, इथं असताना पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडं सोडून यायचं काम पण माझ्यावर ढकलायचा. सासूबाईंनी आधी विचारलं, पोलीस धरत न्हाईत न्हवं तुला? मग जरा वेळाने विचारलं, आन् त्ये खाल्लंस का काय? पुतण्याने जोधपूरच्या काळवीट केसचा मीम टाकला आणि ग्रुप दोन दिवस पेटलेला राहिला.

मी फोन लावला तो वेगळ्या कारणाने. आमची एक पट्टी सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगराच्या अंगाला आहे, तिथं रब्बीत हरभरा नाहीतर शाळू असतो, आणि घाटे भरायला लागले की रात्री राखणीला कोणीतरी लागतंच. मला त्याला एवढंच विचारायचं होतं की बाबा, तुमच्याकडं हरणांनी पीक खाल्लं तर शेतकरी काय करतो. तर हा म्हणाला, दाजी, त्याची सिस्टीमच आहे इथं. आणि मग त्याने जे सांगितलं ते मी नंतर स्वतः बसून वाचून काढलं, कारण मेहुणा शिकारीला जायला लागल्यापासून जरा वाढवून बोलतो असा मला संशय होता. पण ते खरं निघालं.

तिकडं जंगली हरीण कुणाच्या मालकीचं नसतं, ते राज्याने लोकांच्या वतीने सांभाळायचं असतं. तुमच्या रानात उभं असलं तरी ते तुमचं नाही. तोपर्यंत आपल्यासारखंच. फरक पुढं आहे. मारायचं असेल तर लायसन्स काढायचं, सीझन ठरलेला, विस्कॉन्सिनात बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा, तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी चालू होतो. केशरी कपडे घालायचा कायदा आहे, कारण झाडीत माणसाने माणसाला हरीण समजून गोळी घालू नये. (२०१६ पासून भडक गुलाबी पण चालतं असा कायदा त्यांनी केलाय, बायकांनी जास्त यावं म्हणून, आणि त्यावर तिथल्या बायकाच चिडल्या होत्या.) हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाईन नाहीतर फोनवर नोंद करायची. मटण विकायचं नाही. स्वतः खा, पाहुण्याला द्या, दान करा, पण विकलं तर गुन्हा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माद्यांचं गणित. नुसते शिंगवाले नर मारून कळप कमी होत नाही, एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. त्यामुळं कुठल्या कौंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) किती माद्या मारायच्या याची परमिटं दरवर्षी ठरतात, आणि ते ठरवताना तिथल्या समितीत शेतकऱ्याचा पण माणूस असतो. हे ऐकून मी गप्पच झालो. आमच्याकडं डोंगरात किती हरणं असावीत हे ठरवताना आमच्या गावातल्या कुठल्या शेतकऱ्याला कधी कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

पीक नुकसानीचं तर अजून भारी. शेतकऱ्याला भरपाई मिळते आणि त्या भरपाईचा पैसा मुख्यतः शिकाऱ्यांच्या लायसन्सवर लावलेल्या जादा आकारातून येतो. पण भरपाई पाहिजे असेल तर शेतकऱ्याने आपलं रान शिकाऱ्यांना खुलं ठेवायचं. म्हणजे हरणं खातायत म्हणून पैसे पण घेणार आणि मारायला येणाऱ्याला बांधावरनं हाकलून पण देणार, असं चालत नाही. मला हा व्यवहार आवडला. कोण देणार, कोण घेणार, आणि घेणाऱ्याने बदल्यात काय सोडायचं, सगळं समोरासमोर.

आता लगेच कुणी म्हणेल की अमेरिकेचं कौतुक बास. तर त्यांनी आधी काय घाण करून ठेवली होती ते पण सांगतो. १९०० च्या आसपास तिथं हरणं जवळजवळ संपली होती. मटणाचा आणि कातड्याचा धंदा, रेल्वेने डबेच्या डबे शहरात, कुणाला कसली बंदी नाही. मग त्याच साली लेसी नावाचा कायदा आला, चोरून मारलेलं जनावर एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला बंदी. १९३७ साली अजून एक कायदा केला, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला. आज तिथं नुसती पांढऱ्या शेपटीची हरणं तीन कोटींच्या आसपास सांगतात. पण लांडगे बहुतेक ठिकाणी आधीच मारून टाकलेले, त्यामुळं आता माणसाने मारलं नाही तर हरणं जंगलातली उगवती झाडं फस्त करतात, रोज गाड्यांवर आपटतात. वरनं त्यांच्यात मेंदूचा एक रोग पसरलाय, क्रॉनिक वेस्टिंग म्हणतात, विस्कॉन्सिनात तो २००२ साली सापडला. मेहुण्याने पण हरणाचं मुंडकं तपासायला दिलं आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरला. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही.

आपल्या डोंगराकडं येतो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, सागरेश्वर हे माणसाने बनवलेलं अभयारण्य आहे. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ आणि जन्मगाव, त्याच्या अंगाचा हा डोंगर. आमच्या वडिलांच्या पिढीने तो उघडा बोडका बघितलाय, पावसाचं पाणी पडलं तसं दगडगोटे घेऊन खाली यायचं. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी त्या डोंगराचा ध्यास घेतला, झाडं लावली, लावून घेतली, वनखात्याच्या मागं लागले, डोंगराला तार मारून घेतली, आत सांबर, चितळ, काळवीट सोडले. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे कोयना अभयारण्याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं. एका माणसाच्या हट्टाने एवढं उभं राहिलं, याबद्दल मला आदरच आहे, किर्लोस्कर पॉइंटवर उभं राहून कृष्णाकाठ बघितला की आजही वाटतं की हे नसतं तर इथं खडी क्रशर असते.

पण तारेच्या आत हरणं सोडली आणि त्यांना खाणारं जनावर आत नव्हतं. बिबट्या आला तो फार नंतर. चितळ वर्षभर कधीही वितं, एका वेळी एकच पाडस, पण दरवर्षी. मग काय होणार. दहा-अकरा चौरस किलोमीटरचा डोंगर, त्यात उन्हाळ्यात गवत वाळून कुसळं झालेली, आणि तारेच्या बाहेर ताकारी योजनेचं पाणी आल्यापासून बारा महिने हिरवंगार. पूर्वी या बाजूला ज्वारी-बाजरी आणि वाट बघणं एवढंच होतं, आता उसाची लागण, खोडवा, सोयाबीन, भाजीपाला, द्राक्षं. तुम्ही चितळ असता तर काय केलं असतं?

तार आहे, नाही असं नाही. पण तार मारलेली आहे दगडाळ डोंगराला, मध्ये ओढे आहेत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तारेखालची माती-दगड वाहून जातात आणि गुडघाभर फट पडते. एक जनावर त्यातनं गेलं की वाट पडते. सकाळी बघायला जावा, तारेच्या खालच्या टोकाला केस अडकलेले असतात, चितळाचे बारीक तांबूस आणि डुकराचे राठ काळे, आणि अलीकडं पाणी पाजलेल्या रानात टोकदार दोन फाकांचे खूर असे उमटलेले असतात की किती आली आणि कुठनं गेली सगळं वाचता येतं. सांबराचा खूर मोठा, खोल जातो. हरभऱ्याचे शेंडे आपण पण खुडतो, फुटवे यावेत म्हणून, पण ते महिन्याभराचं पीक असताना. हरणं येतात घाटे धरल्यावर. एका ओळीने शेंडे काढत जातात, मध्येच सोडतात, पलीकडं जाऊन परत सुरू करतात, त्यामुळं पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला लांबनं रान हिरवंच दिसतं. खाली वाकून बघावं लागतं. वाकायला कोण येतंय?

खरं बोलायचं तर हरणांपेक्षा डुकरं जास्त वाटोळं करतात. भुईमूग, मका, ऊस, डुक्कर खातं त्याच्या तिप्पट उलथून टाकतं. हरीण निदान खाऊन जातं. पण डुकराला शिव्या घालायला सगळे एकत्र येतात, हरणाचं नाव काढलं की शहरातला पाहुणा लगेच म्हणतो, अय्यो, किती गोड असतंय ते. हो, गोड असतंय. तुमच्या गच्चीतल्या कुंड्यांपाशी आणून सोडतो एक.

राखण म्हणजे काय ते पण सांगतो, कारण आजकाल गावातल्या पोरांना पण माहिती नसतं. आठवडा दिवसाची लाईट, आठवडा रात्रीची लाईट, त्यामुळं रात्री पाणी पाजायला गेलेला माणूसच राखण करतो. बॅटरी मारली की अंधारात डोळे चमकतात, चार, सहा, दहा. ओरडलं की पळतात, आणि पळून जातात ते शेजाऱ्याच्या रानात. मग शेजारी ओरडतो. आमच्या बांधावर आईच्या जुन्या साड्या बांधलेल्या आहेत, चौफेर, वाऱ्याने फडफडतात, पहिले आठ-पंधरा दिवस हरणं बिचकतात आणि मग त्याच साड्यांच्या सावलीला बसून रवंथ करतात. फटाके, डबे वाजवणं, मोबाईलवर कुत्र्याचा आवाज लावून ठेवणं, सगळं करून झालंय. झटका मशीन मात्र चालतं. त्यात दर सेकंदाला एवढासा झटका येतो, जनावर हादरतं, मरत नाही, आणि सोलरच्या कुंपणाला वनखात्याची सबसिडी पण आहे. फक्त तारेखाली गवत वाढू द्यायचं नाही, गवत टेकलं की झटका जमिनीत. इथं आपला माणूस कंटाळतो. आणि कंटाळला की थेट मेनलाईनचा आकडा तारेला लावतो. तो झटका नसतो, तो खून असतो. त्यात हरीण मरतं, शेजाऱ्याची म्हैस मरते आणि पहाटे पाण्याला गेलेला माणूस मरतो, अशा बातम्या आपल्याकडं दरवर्षी कुठून ना कुठून येतातच.

म्हणून मला राग येतो तो याचा, की "भारतात शिकारीला बंदी आहे" हे वाक्य आपण फार अभिमानाने म्हणतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चांगला आहे, तो नसता तर काही उरलं नसतं, यात वाद नाही. त्याच्याआधी परवाना काढून शिकार चालायची. माझ्या आजोबांकडं पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, दारू ठासून, छर्रे घालून, हवेत बार काढायला. ती शेवटी शेवटी घरापेक्षा पोलीस ठाण्यातच जास्त राहिली, कारण ग्रामपंचायत, सोसायटी, विधानसभा, कुठली ना कुठली निवडणूक लागली की बंदूक जमा करा. वडिलांनी वैतागून परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. तर बंदुका गेल्या, पण शिकार गेली का? मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास करतात, तो बांधातल्या वाटेवर लावायचा, खर्च शून्य, आवाज नाही, पुरावा नाही. लावलेला असतो डुकराला नाहीतर सशाला, आणि अडकतो बिबट्या, कमरेत. मग रेस्क्यू टीम, बघ्यांची गर्दी, व्हिडिओ. वाघर, म्हणजे जाळं, लावणारे आहेत. डुकराला बॉम्बगोळा ठेवणारे आहेत, तो कुत्र्याच्या नाहीतर गाईच्या तोंडात फुटतो. कोण मारतंय, किती मारतंय, मादी का नर, गाभण का कसं, कुणालाच माहिती नाही. मेहुण्याच्या राज्यात एक हरीण पडलं तर दुसऱ्या दिवशी पाचच्या आत त्याची नोंद होते. इथं नोंद नसलेली शिकार म्हणजे बंदी, असं आपण मानून घेतलंय.

कायद्यात वाटा नाहीत असं पण नाही. कलम ११ मध्ये पिकाला धोका करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी देता येते. आपल्या राज्याने २०१५ साली रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुकरासाठी तशी पद्धत ठरवून दिली. पण परवानगी मिळाली तरी मारणार कोण आणि कशाने? परवानाधारक बंदूकवाला शोधा. बिहारमध्ये तर केंद्राने रोह्यांना उपद्रवी जाहीर केलं, २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याला बाहेरनं नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले, आणि त्यावरनं केंद्रातलेच दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीर भांडले. शेतकऱ्याचा प्रश्न तिथंच राहिला.

भरपाईचं. पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांत वनखात्याकडं तक्रार द्यायची, मग पंचनामा, सातबारा, बँक पासबुक, सगळं. २०१५ च्या जीआरमध्ये उसाला टनाला ८०० रुपये धरले होते आणि जास्तीत जास्त २५ हजार. त्या वर्षी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान भाव, टनाला २३०० होती. म्हणजे सरकारच्याच एका कागदावर ऊस २३०० चा आणि सरकारच्याच जनावराने खाल्ला की ८०० चा. नंतर रकमा वाढवल्या आहेत, ते मान्य. पण त्यात एक अट आहे ती वाचून मी हसलो, ज्या कुटुंबाची चारपेक्षा जास्त गुरं वनक्षेत्रात चरतात त्याला भरपाई नाही. तुमची पाचवी गाय त्यांच्या हद्दीत गेली तर तुमचा हक्क गेला. त्यांची पन्नास चितळं तुमच्या हद्दीत आली तर त्याला वन्यजीवन म्हणायचं.

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, डोंगरावर जायचं कुणी. सागरेश्वरला तिकीट काढून जाता येतं, शाळेच्या सहली जातात, चांगलंच आहे. वासोट्याला जायचं तर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, लाँचने शिवसागर ओलांडायचा, संध्याकाळच्या आत परत, मुक्काम नाही. ते पण ठीक आहे, मी स्वतः पोरांना घेऊन गेलोय, आणि मुक्काम नाही म्हणूनच तिथं बाटल्यांचा ढीग नाही. पण ज्या गावांची गुरं त्या डोंगरात पिढ्यानपिढ्या चरली, ज्या बायका तिथनं वाळलेलं सरपण, करवंदं, हिरडा आणायच्या, त्यांच्यासाठी तिकीट खिडकी नाही. पर्यटक आला की इको टुरिझम आणि म्हातारी विळा घेऊन आली की घुसखोरी.

आणि सगळं बंद केलं की निसर्ग फुलतो असं पण नसतं. कासच्या पठारावर गर्दी आवरायला तारेचं कुंपण घातलं होतं. गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं, बुटक्या फुलांना ऊन मिळेना, आणि शेवटी फुलं कमी झाली म्हणून काही वर्षांपूर्वी तेच कुंपण काढलं. जागतिक वारसा यादीतली जागा, तिथं म्हशींचं तोंड लागणं फुलांच्या फायद्याचं होतं हे गुराखी आधीपासून सांगत होते.

सरकारी जमिनीवर जायच्या हक्काचा विषय निघाला म्हणून, अमेरिकेतल्याच वायोमिंग राज्यातली एक केस मी मध्यंतरी वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथं १८६० च्या दशकात रेल्वे कंपन्यांना जमिनी देताना एक आड एक चौकोन दिले, एक मैल बाय एक मैल. एक चौकोन खाजगी, शेजारचा सरकारी, परत खाजगी, असा सगळा बुद्धिबळाचा पट. सरकारी चौकोन सगळ्यांचे, पण त्यांची फक्त कोपऱ्याला कोपरा गाठ. एका सरकारी चौकोनातनं दुसऱ्यात जायचं तर कोपऱ्यावरनं पाऊल टाकताना तुमचा खांदा खाजगी मालकाच्या हवेतनं जातो! २०२० आणि २०२१ साली मिसुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी एल्क माउंटन नावाच्या डोंगरापाशी हेच केलं, दुसऱ्या वर्षी तर घरनं लोखंडी शिडी करून आणली, कोपऱ्यावर अशी उभी केली की मालकाच्या जमिनीला पाय लागणार नाही, आणि चढून पलीकडं उतरले. मालकाने केस टाकली, नुकसानभरपाई मागितली ती ७० लाख डॉलरच्या वर. आधी फौजदारी केसमध्ये ज्युरीने २०२२ मध्ये शिकाऱ्यांना निर्दोष सोडलं, मग दिवाणी केस अपील कोर्टात गेली, मार्च २०२५ मध्ये तिथंही शिकारी जिंकले, आणि सुप्रीम कोर्टाने पुढं हात घालायला नकार दिला. निकालाला आधार कशाचा, तर १८८५ च्या एका कायद्याचा, सरकारी जमीन अडवून कुंपणं घालायची नाहीत. वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणारी माणसं आपण, आपल्याला हे लगेच कळतं.

पण त्या निकालातली एक गोष्ट मला फार आवडली. सरकारी जमीन म्हणजे सगळ्यांची, हे तिथं इतकं मुरलंय की चार साधी माणसं त्यासाठी शिडी घेऊन उभी राहिली. आपल्याकडं सरकारी डोंगर म्हणजे खात्याचा डोंगर. गावाचा नाही. म्हणून गाव पण तो आपला मानत नाही, वणवा लागला की लांबनं बघतं.

मग आपल्याकडं शिकार चालू करावी का? मेहुणा म्हणतो, करा की दाजी, चितळाचं मटण भारी असतंय म्हणे. मी म्हणतो, नाही, आणि हे मी हरणाच्या प्रेमाने म्हणत नाही. एक तर आपल्या शिवारात हजार फुटावर कुठं ना कुठं वस्ती आहे, गोठा आहे, पाणी पाजणारा माणूस आहे, गोळी जाणार कुठं. दुसरं, मटण विकायचं नाही हा नियम आपल्याकडं किती तास टिकेल? पहिल्या शनिवारी हायवेच्या ढाब्यावर पाटी लागेल. आणि तिसरं, हे फार कमी लोक बोलतात, सागरेश्वरात हरणं जास्त झाली म्हणजे सह्याद्रीत जास्त आहेत असं अजिबात नाही. उलट आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथं वाघ टिकायला अडचण खाण्याचीच. तिथं हरणं पाहिजेत आणि इथं नकोत.

म्हणून सागरेश्वरची चितळं पकडून चांदोलीला न्यायचं काम वनखात्याने हाती घेतलं, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. चितळाला हाताने पकडता येत नाही, ते भीतीनेच मरतं. बोमा म्हणून आफ्रिकेतली पद्धत आहे. जंगलात कापडाच्या उंच भिंतींचा नरसाळ्यासारखा मोठा सापळा करायचा, आत बरेच दिवस चारा-पाणी ठेवायचं म्हणजे कळपाला ये-जा करायची सवय लागते, मग एक दिवस मागचं तोंड बंद करायचं आणि हळूहळू पुढं रेटत थेट ट्रकमध्ये. हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. मध्य प्रदेशात कान्हा-पेंचची चितळं अशीच हलवली. चांदोलीत जी गावं उठली त्यांची जुनी शेतं आता गवताळ माळ झाली आहेत, तिथं आधी कुंपणात ठेवून मग सोडायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीणही तिकडं आणून सोडली. आपल्या हरभऱ्यावर पोसलेलं चितळ वाघिणीच्या पोटात गेलं तर माझी काही तक्रार नाही, मी तर म्हणतो अजून चार ट्रक भरा.

फक्त एकदा हलवून भागणार नाही, राहिलेल्या माद्या परत दोन-चार वर्षांत तेवढाच कळप करतात. मोजणी करून दरवर्षी हलवावी लागणार, आणि किती ठेवायची हे ठरवताना देवराष्ट्रे, कुंडल, वडगाव, आसद इथल्या शेतकऱ्यांना बसवा. कुंडलला वनखात्याची एवढी मोठी प्रशिक्षण अकादमी आहे, राज्यभरचे अधिकारी तिथं शिकून जातात, डोंगर तिच्या उशाला आहे. याहून चांगलं प्रॅक्टिकल कुठं मिळणार.

दुसरं मागणं गवताचं. दिवाळीनंतर डोंगरात कमरेएवढं गवत वाळून उभं असतं, ते कापायला गावातल्या बायकांना पास द्या, ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या दिवशी, डोक्यावर बसेल तेवढा भारा. तारेच्या कडेचं गवत कापलं तर जाळरेषा आपोआप तयार होते आणि वणवा आत जात नाही, खात्याचा मजुरीचा पैसा वाचतो. आणि रोज तारेच्या कडेने फिरणाऱ्या बाईला फट कुठं पडली, फास कुठं लावलाय, हे वनरक्षकाच्या आधी दिसतं. एका वनरक्षकाने मला हे स्वतः बोलून दाखवलं, पण साहेब, लेखी कोण देणार म्हणाला.

ग्रामसभेत यंदा ठराव टाकतोय. मागच्या वेळी डुकरांचा ठराव टाकला होता, तो पाणंद रस्त्याच्या भांडणात वाहून गेला, म्हणून यावेळी विषय पहिल्या पाचात घ्यायला ग्रामसेवकाला आधीच सांगून ठेवलंय.